शालूबाईची संमती

मलकापूर (कराड), ३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

राजेश्वरीचा नमस्कार. सहा वर्षांनी लिहिते आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून हे पत्र शारजात तू चालवतोस त्या मेसच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवते. पत्ता तुझ्या जुन्या पलटणीतल्या भाऊसोंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच मागं लागले होते.

कामाचं लिहिते. आईच्या नावाची आपली कांदा-लसूण चटणी चार वर्षं तुमच्या तिकडं जाते. आपली म्हटलेलं तुला चालणार नसेल तर माझी म्हणते. मलकापुरात शेड आहे, बावीस बायका कामाला आहेत. पाकिटावर आईचं चित्र आहे, डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, खाली नाव 'शालूबाई'. भारतात ते नाव आणि चित्र माझ्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे.

आता गेल्या आठवड्यात दुबईच्या आमच्या वितरकाचा निरोप आला. त्यानं पुढची ऑर्डर थांबवली. तिथल्या सरकारकडं दुसऱ्याच कुणीतरी 'शालूबाई' नावाचा ट्रेडमार्क मागितलाय, आणि तो अर्ज २८ ऑगस्टला प्रसिद्ध झालाय. प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकत घेतली नाही, तर नाव त्यांचं. मग माझाच माल तिथं नकली ठरणार. सांगलीचे वकील दिग्विजयसाहेब म्हणाले, "बाई, इथली नोंदणी इथल्यापुरती. दर देशाचा उंबरा वेगळा असतो."

अर्जदार कुठलीशी ट्रेडिंग कंपनी आहे. त्यांचा माल काचेच्या बरणीत येतो. वितरकानं बरणीचा फोटो पाठवला, तो अंधूक आहे. पण दादा, बरणीवरची बाई आईच आहे.

माझ्याकडं आईचे सगळे फोटो आहेत. हा त्यातला नाही. एखादा जुना फोटो तुझ्याकडून कुणी मागून नेला का? तेवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

राजी


मलकापूर, ८ सप्टेंबर

ती. दादास,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळाल्याची सही मात्र कुरिअरवाल्याच्या यादीत दिसते, 'वीरधवल' अशी. म्हणजे मिळालंय.

आज सांगलीला गेले होते. दिग्विजयसाहेबांच्या दुबईतल्या जोडीदारानं पुराव्यासाठी दुकानांतून बरण्या विकत घेऊन पाठवल्यात. एकूण तीन. एक दुबईच्या दुकानात मागं पडून राहिलेली, २०२१ची. दुसरी २०२३ची, तिसरी या जूनची. दुपारी एकची वेळ, खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं. साहेबांनी तिन्ही बरण्या तारखेनं ओळीत मांडल्या आणि म्हणाले, "बघा, तुमचंच चित्र जरा बदलून घेतलंय."

चित्र नाही दादा, फोटो आहे. छापून चिकटवलेला.

पहिल्या बरणीवर आईचं कपाळ मोकळं आहे आणि मधोमध गोंदणाचा हिरवा ठिपका आहे. अण्णा असताना तो कुंकवाखाली असायचा, अण्णा गेल्यावर आईनं फोटो काढूच दिला नाही. आमच्या चित्रकाराला मी ठिपका सांगितलाच नव्हता. तो ठिपका आपल्या गावाबाहेर कुणाला ठाऊक?

हे समजू शकते मी. एखादा फोटो तुझ्याकडं असेल. पण दुसऱ्या बरणीवर तिचे समोरचे केस सगळे पांढरे आहेत. महापुराच्या साली आईचे केस निम्मे काळे होते, मीच विंचरत होते. आणि तिसऱ्या बरणीवर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, गालफडं आत गेलीत, आणि ती किंचित हसते आहे.

मी साहेबांना म्हटलं, "हिचं वय वाढतंय."

ते हसले. "आजकाल कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करतात. पण एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. माणसाचा चेहरा ट्रेडमार्क म्हणून लावायचा तर त्या माणसाची संमती लागते. माणूस हयात नसेल तर वारसांची. तुमची आई हयात नाही, वारस तुम्ही आणि तुमचे भाऊ. दोघांनी संमती दिली नाही असं लिहून द्या, अर्ज कोसळला."

म्हणून तुझी सही हवी आहे. मसुदा सोबत जोडलाय. माझ्यासाठी करू नकोस, आईच्या तोंडाचा बाजार थांबावा म्हणून कर.

हे लिहिताना तू काय म्हणशील ते मला ऐकू येतं. ऐकू दे.

राजी


मलकापूर, १२ सप्टेंबर

ती. दादास,

सही आली नाही. असो.

जूनची बरणी मी शेडवर आणली होती. सीलबंदच ठेवायची होती, पुरावा म्हणून. पण सुलाबाईनं बघितली. आठवते ना, वरच्या आळीची, आईबरोबर उखळापासून कामाला असलेली? तिनं बरणी हातात घेतली, फोटोकडं बघितलं आणि झाकण फिरवलं. मी थांबवायच्या आत तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

डंका चालू होता, मिरच्या कुटल्या जात होत्या, बायका शिंकत होत्या. सुलाबाईनं हातानं खूण केली तशी कुणीतरी बटण बंद केलं. एकदम सगळं गप्प झालं.

"राजाक्का," ती म्हणाली, "ह्यो हात शालूबाईचा हाय."

"चव कुणी पण उचलतं, मावशी."

"चव उचलत्यात, हात न्हाई उचलता येत. तू चाखून बघ."

मी चाखली. आणि पुन्हा बोट बुडवलं.

तुला एक सांगते, जे शेडवर कुणाला ठाऊक नाही. माझी चटणी आईची नाही. खोबरं, तीळ, धने, दगडफूल, सगळं तिच्याच मापानं आहे. पण शेवटाला ती सगळ्यांना बाहेर काढायची आणि एकटीच काहीतरी घालायची. मला तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "तुझ्या हातात दिलं की ते मशीनच्या हातात जाईल." त्या एका गोष्टीशिवायच मी सहा वर्षं चटणी विकते आहे. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मला रोज कळतो.

त्या बरणीत ती गोष्ट आहे, दादा. असली माल माझा आणि नकली त्यांचा, असं मी कागदावर लिहून देणार आहे. आणि जिभेला विचारलं तर उलटं आहे.

सुलाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. घरी गेले तर दारातच म्हणाली, "मेलेल्या बाईनं या सालच्या मिरच्या कुटल्यात. नव्या मिरचीचा वास हाय त्याला. मी न्हाई बा येत तिथं."

तूच सांग, तिला मी काय समजावू?

राजी


मलकापूर, १७ सप्टेंबर

ती. दादास,

आज अर्जाबरोबरचे कागद मिळाले. अरबी भाषांतर, आणि खाली मूळ मराठी कागद जोडलेला. नीट वाच.

"मी शालूबाई, माझा चेहरा व नाव चटणीच्या बरणीवर छापण्यास राजीखुशीने संमती देत आहे." तारीख १४ नोव्हेंबर २०२४. खाली सही.

दिग्विजयसाहेब खुर्चीतून उठलेच. "बाई, जिंकलो! सहीच्या तारखेआधी पाच वर्षं गेलेल्या बाईची सही! याहून मोठी लबाडी कुठली? मृत्यूचा दाखला लावा, एका फटक्यात निकाल."

मी म्हटलं, "दाखला नाही."

"नाही म्हणजे?"

"महापुरात गेली. देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून विधी केला. दाखला काढायचा राहिला."

"सहा वर्षं राहिला?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आपण प्रतिज्ञापत्र करू. आई ८ ऑगस्ट २०१९ला वारली असं तुम्ही शपथेवर लिहा. आणि तुमच्या जुन्या नोंदणीतली आईची सही याच्याशी ताडून बघायला देऊ. बनावट आहे हे लगेच कळेल."

मी घाईघाईनं म्हटलं, सह्या ताडू नका.

का, ते तुला सांगते. त्यांना सांगितलेलं नाही. आई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. मास्तरांनी कितीदा सांगितलं तरी 'शालुबाई' असा लु ऱ्हस्वच काढायची, आणि ईची शेपटी रेषेखाली ओढायची. या संमतीवर लु ऱ्हस्व आहे, ईची शेपटी खाली ओढलेली आहे. अक्षर कापरं आहे, पण तिचं आहे.

आणि माझ्या २०१८च्या कागदावर लू दीर्घ आहे, कारण ती सही मी केली. आई पाकिटावर तोंड छापू द्यायला तयार नव्हती. "लोक पाकीट फाडून गटारीत टाकणार, माझ्या तोंडावरनं गाड्या जाणार," म्हणाली. मी तिच्यासाठी थांबले नाही. दुपारी ती रानात गेलेली असताना तिच्या नावानं सही केली आणि शुद्धलेखनसुद्धा सुधारलं.

म्हणजे दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, तर मेलेल्या बाईची सही खरी निघेल आणि जिवंतपणीची खोटी.

राजी


मलकापूर, १९ सप्टेंबर

दादा,

झोप नाही. आज सगळं लिहिते. तू वाचून फाडून टाकलंस तरी चालेल.

महापुराच्या त्या दिवशी पाणी सकाळी आठला गावातल्या वाड्यापर्यंत होतं आणि दहाला आपल्या उंबऱ्याशी आलं. गावातल्या नानासोंचा ट्रॅक्टर आमच्या दारात आला. ट्रॉलीत जागा थोडी. नवं पॅकिंग मशीन आठच दिवसांपूर्वी घरी आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी मशीन आणि कागदांची पेटी घ्या. आई पायरीवर उभी होती. मी तिला म्हटलं, "तू पुढच्या फेरीला ये. अर्ध्या तासात येतो आम्ही."

मशीनवर टाकायला मेणकापड हवं होतं, ते तिनंच आणून दिलं.

ट्रॅक्टर परत जाऊ शकला नाही. रस्ताच राहिला नाही. तिसऱ्या दिवशी तुझा फोन लागला. "आई कुठाय?" तू विचारलंस, आणि मी म्हटलं, पुढच्या फेरीला येणार होती. तू फोन ठेवलास. तेव्हापासून ठेवलेलाच आहे.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ऐक.

नवव्या दिवशी मी नदीपलीकडच्या शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत गेले होते. गुरुजींनी वही पुढं केली. त्यात नाव होतं, शालूबाई, वय चौसष्ट, लष्कराच्या बोटीतून आणली. पुढं शेरा होता: 'मुलाकडे रवाना'. गुरुजींनी विचारलं, "ह्याच का तुमच्या आई?"

मी म्हटलं, "न्हाई, ही दुसरी कोण तरी असंल."

का म्हणाले? तेव्हा वाटलं, ती जिवंत असेल तर घरी येईल, चार दिवस राग धरेल, मग येईल. तिच्यापुढं जाऊन उभं राहायची माझी छाती झाली नाही. ती आली नाही. गावातले लोक दारात येऊन बसायला लागले. कुणीतरी म्हणालं, विधी उरकून घ्या, जीव अडकून राहील. मी न्हाई म्हणाले नाही. पाणी ओसरल्यावर तिची ट्रंक उघडली, तर पासपोर्ट नव्हता. तूच हौसेनं काढून दिलेला. मी सगळ्यांना सांगितलं, कागद पाण्यात गेले. बाकीचे कागद ट्रंकेत कोरडे होते.

तू तेराव्याला आला नाहीस. लोक म्हणाले, केवढा राग. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं.

नंतर ते मी इतक्यांदा सांगितलं, की मलाच दिसायला लागलं, ती पायरीवरून पाण्यात जाताना. मी ते बघितलेलं नाही. तरी डोळे मिटले की दिसतं. आता त्या बरणीवरची बाई माझ्याकडं बघते तेव्हा मला कळत नाही, की भूत ती आहे की मी सहा वर्षं सांगितलेली ती बुडालेली बाई.

एवढंच विचारते. आई तुझ्याकडं आहे का?

मुदत २७ला संपते. प्रतिज्ञापत्र टाईप होऊन तयार आहे. तू एक शब्द कळवलास तर मी ते करणार नाही.

राजी


मलकापूर, २८ सप्टेंबर

दादा,

परवाच्या फोनवर मला बोलता आलं नाही. तू तीनच वाक्यं बोललास आणि मी नुसती ऐकत राहिले. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तू येशील तेव्हा हातातच देईन.

पंचवीस तारखेपर्यंत तुझी वाट बघितली. कुरिअरच्या यादीत तेवीस तारखेला तुझी सही दिसत होती. पत्र पोचलं होतं. उत्तर नाही. मग मला वाटलं, आई नसेलच तिथं, आणि असली तरी तिला माझं तोंड बघायचं नाही. वकील रोज फोन करत होते. वितरक दुसऱ्याचा माल घ्यायला निघाला होता. शेडवरच्या बायका विचारत होत्या, "राजाक्का, काम ऱ्हाणार का?" शुक्रवारी, सव्वीसला, मी सांगलीला गेले आणि नोटरीसमोर उभी राहिले. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: माझी आई शालूबाई ही मयत आहे. "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." सही केली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजत होते.

तुझा फोन साडेबाराला आला. "राजी, आई गेली. आत्ता साडेनऊला. मेसमध्ये बसून लसूण सोलत होती."

तिकडचे साडेनऊ. इकडचे अकरा.

मी दिग्विजयसाहेबांच्या दारातच उभी होते. परत आत गेले. हरकत अजून पाठवली नव्हती, संध्याकाळी पाठवणार होते. कागद मागून घेतला. ते म्हणाले, "बाई, उद्या शेवटचा दिवस. नाव कायमचं जाईल."

"ज्याला दिलंय त्याला जाऊ दे," मी म्हटलं. "मला दिलेलंच नव्हतं."

त्यांना वाटलं, भावानं काही मिटवलं असेल. मी सांगितलं, "आई आज वारली." त्यांनी हातातल्या प्रतिज्ञापत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्यासाठी पाणी मागवलं आणि स्वतःच प्यायले.

काल सकाळी तू पुन्हा फोन केलास तेव्हा जे सांगितलंस, ते मी सारखं आठवते आहे. माझी पत्रं तू तिला वाचून दाखवत होतास. पहिल्या चारांना ती काही बोलली नाही. पाचवं ऐकून म्हणाली, "आता पोरगी खरं लिवाय लागली." आणि म्हणाली, दिवाळीला तिला बोलाव, पर आत्ता न्हाई, मला जरा बरं वाटू दे. म्हणून तू गप्प राहिलास. मी तुला दोष देत नाही. चार शब्द आले असते तर, एवढंच मनात येतं, आणि लगेच मेणकापड आणून देणारी ती दिसते.

बरणीचंही सांगितलंस, ती ट्रेडिंग कंपनी तुझीच. काचेची बरणी कुणी टाकत नाही, धुऊन साखर भरतात, म्हणून ती दर खेपेला स्वतः फोटोला बसायची. मला ती न्हाई म्हणाली आणि तुला हो, याचा मला एरवी राग आला असता. आता नाही आला.

गावात काल सांगितलं. देवळासमोर, दुपारी चारला, सगळे जमले होते. मी उभी राहून म्हटलं, आई काल वारली, परदेशात, दादाकडं. सहा वर्षांपूर्वी वारली नव्हती. मला तेव्हाच ठाऊक होतं. नानासो म्हणाले, "बाई, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? आमी तिचं तेरावं जेवलोय." मी म्हटलं, "व्हय नाना, मीच वाढलं हुतं."

मग बायका एकेक करून उठल्या. कुणी मला शिवलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. सुलाबाई तेवढी जवळ आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल.

"राजे," ती म्हणाली, "त्या दिशी घाटावर पुतळ्याचा पिंड ठेवला, तवा मी हुते. कावळा लगीच आला. दर साली पित्तरपाटाला घास ठेवला, दर साली आला, वाट न्हाई बघाय लावली."

"व्हय."

"शालूबाई तर जित्ती हुती." तिनं माझा हात धरला. "मग सा वर्सं कोण येऊन जेवून गेलं?"

ती हात सोडेना. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आणि देवळाच्या कळसावर कावळा बसला होता, आमच्याकडं बघत, ओरडत नव्हता.

तुमचं विमान मुंबईला कधी उतरतं ते तू फोनवर कळवशीलच. मी शववाहिका घेऊन निघते.

राजेश्वरी